मापात माया

या वीकेंडला विषय जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, ट्रेकिंग नाही, चक्क शिवणकाम!

कपडे शिवायचे कागदी पॅटर्न कधी पाहिलेत का? परदेशी कंपन्यांचं पॅटर्न असेल तर पाकिटावर एक आकडा छापलेला असतो. समजा, १२. आता हा बारा कशाचा? इंच म्हणावं, तर बारा-तेरा इंच छाती नुकत्या जन्मलेल्या बाळाची असते. सेंटिमीटर म्हणावं, तर मग ती बाहुलीच. वय म्हणावं, तर हे पॅटर्न बायकांसाठी आहे, शाळकरी मुलींसाठी नाही. पाकीट उलटं केलं की मागे बारीक अक्षरात कोष्टक सापडतं : बारा नंबर म्हणजे छाती ३४, कंबर साडेसव्वीस, सीट ३६. बटरिक, मॅकॉल्स, सिम्प्लिसिटी, व्होग या जुन्या नावांच्या पॅटर्नवर आजही थोड्याफार फरकाने हेच कोष्टक असतं.

लॉकडाऊनमध्ये माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुलींनी केक केले आणि उरलेल्या निम्म्यांनी शिलाई मशीन घेतलं. मी दुसऱ्या गटात. पॅटर्नची पीडीएफ उतरवायची, ए-फोर कागदांवर छापायची, कागद चिकटवायचे आणि कापायचं. या सगळ्यात पहिलाच प्रश्न असतो : कोणती साइज छापू? उत्तर शोधायला गेले आणि इतिहासात जाऊन पडले. इंजिनियरचं असंच होतं, एखाद्या टेबलमध्ये विचित्र व्हॅल्यू दिसली की ती कुणी, कधी आणि का घातली हे शोधल्याशिवाय झोप लागत नाही.

तर सुरुवात माझ्या आजोळापासून करते. माझं आजोळ झरी. परभणीहून जिंतूरकडे निघालं की याच रस्त्यावर लागतं. भाग कापसाचा, त्यामुळे कापड हा विषय तिथे शेतापासूनच सुरू होतो. पण गंमत बघा, ज्या भागात कापूस पिकतो तिथल्या जुन्या कपड्यांना ‘साइज’ हा प्रकारच नव्हता.

नऊवारी घ्या. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, सव्वाआठ मीटरच्या आसपास. पंधरा वर्षांची सून नेसली तरी तेवढीच आणि सत्तरीची सासू नेसली तरी तेवढीच. बाळंतपणाआधी, बाळंतपणानंतर, आजारपणात, सुखात, लुगडं तेच. फरक निऱ्यांमध्ये. धोतराचं तेच, पटक्याचं तेच. जे शिवावंच लागायचं त्यातही सोय असायची. खणाची चोळी पुढे गाठ मारून घालायची. अंग भरलं की गाठ सैल, उतरलं की घट्ट. पुरुषांची बाराबंदी बंदांनी बांधायची. तान्ह्या बाळाचं झबलंसुद्धा बंदांचंच. आपल्या भाषेत सांगायचं तर माप हे हार्डकोड केलेलं नव्हतं. रोज सकाळी कपडा घालतानाच ते ठरायचं.

शिंपी मात्र होतेच, आणि आमच्या भागात तर त्यांची मोठी परंपरा. संत नामदेव शिंपी होते. त्यांचं जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलं जाणारं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं. नामदेवांच्या पदांमध्ये गज आणि कात्री रूपक म्हणून येतात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी या मुलुखात कापड मोजणारा आणि कापणारा माणूस इतका ओळखीचा होता की देवाबद्दल बोलतानाही त्याची हत्यारं उपयोगी पडत.

पुढे बंद आणि गाठी गेल्या, हुक आणि बटणं आली. चोळीचं पोलकं झालं, झंपर झालं, मग ब्लाऊज. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंगरची मशीनं हिंदुस्थानात विकली जाऊ लागली होती. मुंबईचे नसरवानजी मेरवानजी पटेल हे त्या कंपनीचे इथले प्रमुख एजंट. मशीनची शिवण पक्की, कपडा अंगाबरोबर. आणि कपडा अंगाबरोबर झाला की प्रश्न आलाच : कुणाच्या अंगाबरोबर?

आमच्या आजीकडे याचं एक उत्तर होतं : मापाचं पोलकं. नवीन ब्लाऊज शिवायला टाकताना ती कधीच माप द्यायची नाही. शिंपी पुरुष, त्याने टेप लावायची हे तिला कसंतरी वाटायचं. ती पिशवीत एक जुनं, नीट बसणारं पोलकं घालून द्यायची. “हे मापाला ठेव, फक्त मुंढ्यात बोटभर सैल कर बाबा.” संपलं. त्याने ते कापडावर पसरायचं, खडूने रेघ मारायची आणि कापायचं. तुमच्याही घरात हे झालंच असणार. अजूनही होतं.

आता विचार केला तर ते जुनं पोलकं म्हणजेच पॅटर्न! एकाच बाईसाठी बनवलेलं, वर्षानुवर्षं घालून तपासलेलं, आणि दर वेळी एक छोटी दुरुस्ती सांगून पुढे सरकणारं. त्याला नंबर नव्हता, कारण नंबरची गरजच नव्हती. नंबर कधी लागतो? शिवणारा आणि घालणारा एकमेकांना ओळखत नसले की.

युरोपातही आधी साधारण हेच होतं. तिथले शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची किंवा चामड्याची एक लांब पट्टी ठेवत. छाती इथपर्यंत, बाही इथपर्यंत, असं पट्टीवर खाचा कापून ठेवायचे. एक माणूस, एक पट्टी. पट्टीवर आकडे नाहीत, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या कामाची नाही. शिवणकामाची पुस्तकं निघाली होती, उदाहरणार्थ स्पेनमधल्या हुआन दे अल्सेगाचं १५८० चं पुस्तक. पण त्याचा सगळा भर कापडावर तुकडे कसे मांडले म्हणजे कापड वाया जात नाही, यावर. कापड महाग होतं, माणसं समोर होती. आजच्या बरोबर उलटं.

सगळं बदललं ते इंचांच्या टेपमुळे, १८०० च्या आसपास. टेप म्हणजे किती साधी गोष्ट! पण टेपमुळे पहिल्यांदाच दोन माणसांची मापं शेजारी-शेजारी लिहिता आली. आणि आकडे शेजारी आले की कुणीतरी त्यांच्यात सूत्र शोधणारच. एका माणसाची छाती ३६ आणि गळा इतका, दुसऱ्याची ४० आणि गळा तितका, म्हणजे गळा छातीवरून काढता येईल का? यातून प्रमाणाच्या पद्धती निघाल्या. हेन्री वॅम्पन नावाच्या जर्मन गणितज्ञाने तर १८३४ मध्ये लंडनला कपडे कापण्याच्या गणितावर पुस्तकच काढलं. छाती हे मुख्य माप, बाकी सगळं तिचे भाग : चौथा, सहावा, बारावा.

हे वाचताना ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. आपल्या शिवणक्लासमध्ये हेच शिकवतात. पंचायत समितीच्या ‘शिवण व कर्तन’च्या वर्गात बसलेल्या कुणालाही विचारा, ‘छातीचा चौथा भाग अधिक अमुक’ हे तिला पाढ्यासारखं पाठ असतं. मराठी मुलखात झारापकरांचं नाव यासाठी प्रसिद्ध आहे. के. आर. झारापकरांच्या कटिंगच्या पद्धतीचं पुस्तक घेऊन किती जणींनी किती घरं चालवली असतील, याचा हिशेब कुणी मांडला नाही. एक टेप, एक कटिंगची फूटपट्टी, एक वही. एवढ्या भांडवलावर बाईला घरबसल्या दोन पैसे मिळू लागले. सूत्राचं हे ऋण मोठं आहे, त्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये.

पण सूत्राची एक अडचण आहे. समजा गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाएवढी धरली. छाती ३६ असेल तर गळा ३ इंच. तीच बाई चाळिशीत भरली, छाती ४२ झाली, तर सूत्र म्हणतं गळा साडेतीन इंच. पण तिच्या मानेचं आणि खांद्याचं हाड काही वाढलेलं नसतं! हाड तेवढंच राहतं, अंग वाढतं. मग ब्लाऊज छातीत बरोबर आणि खांद्यावरून घसरतोय. याच्या उलट, शेतात काम करणारी बाई. छाती ३४, पण पाठ रुंद, दंड मजबूत. सूत्राने कापलेला ब्लाऊज तिला पाठीत तंग. कापूस वेचताना हात पुढे केला की मुंढा उसवलाच. पुण्यात ऑफिसमध्ये बसून हे नुसतं ‘फिटिंग नीट नाही’ एवढंच वाटतं. वेचणीला मात्र दिवसभरात हजारदा हात पुढे करायचा असतो.

चांगला शिंपी हे जाणतो. सूत्राने कापतो आणि मग नजरेने दुरुस्त करतो. आणि शिवाय आत माया ठेवतो. माया! मराठी शिवणकामातला हा माझा सगळ्यात आवडता शब्द. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, ते म्हणजे माया. उद्या अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून. पोराचं शर्ट शिवायला टाकलं की शिंपी विचारायचा, “अंगाबरोबर शिवू का वाढत्या अंगाचं?” उत्तर ठरलेलं असायचं. वाढत्या अंगाचं म्हणजे आज ढगळ, पुढच्या वर्षी बरोबर, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माया सोडून परत बरोबर. एका कापडात तीन वर्षं!

आता कागदी पॅटर्नकडे येऊ. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाचा एक शिंपी होता, मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा. त्याच्या आधीही मासिकांमधून पॅटर्न मिळायची, पण एकाच मापाची. घ्या आणि तुमचं तुम्ही लहान-मोठं करा. बटरिकच्या बायकोला मुलाचे कपडे शिवताना याचा वैताग आला आणि तिने नवऱ्याला कामाला लावलं, अशी गोष्ट सांगतात. १८६३ मध्ये त्याने वेगवेगळ्या मापांची, पातळ कागदाची पॅटर्न विकायला काढली. आधी मुलांची आणि पुरुषांची, मग १८६६ च्या सुमारास बायकांचीही. घरात मशीन होतंच, आता टपालाने शिंप्याचं डोकंही घरी येऊ लागलं. ही खरोखर मोठी गोष्ट होती. आडगावात राहणारी बाई शहरातल्या फॅशनचा झगा स्वतः शिवू लागली.

इथे तो बारा नंबर कुठून आला ते कळतं. त्या काळी बायकांची पॅटर्न छातीच्या इंचांवर विकली जायची आणि मुलींची वयावर. बारा म्हणजे बारा वर्षांची, सोळा म्हणजे सोळा वर्षांची. पुढे हे वयाचे आकडे सडपातळ तरुणींना आणि मग सगळ्याच बायकांना लागू झाले. वय गेलं, आकडा उरला. आपल्या जुन्या कोडमध्ये कसं एखादं व्हेरिएबल असतं, नाव एक आणि आत साठवलंय भलतंच, आणि बदलायची हिंमत कुणाची होत नाही. अगदी तसंच.

बरं, आकडा तरी स्थिर राहिला का? तोही नाही. १९४० च्या सुमारास पॅटर्नच्या बारा नंबरची छाती ३० इंच होती. १९५० च्या दशकाच्या मध्यात ती ३२ झाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ३४. म्हणजे तीस वर्षांत नंबर तोच आणि बाई चार इंचांनी मोठी. जुन्या बाजारात १९५२ चं सुंदर पॅटर्न मिळालं आणि ‘माझा नंबर बारा’ म्हणून कुणी घेतलं, तर कपडा अंगात जाणारच नाही.

मधल्या काळात अमेरिकन सरकारने एक मोठं काम केलं. १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली. प्रत्येकीची ५९ मापं! १९४१ मध्ये अहवाल छापला. कपडे विकणाऱ्या कंपन्यांना, विशेषतः टपालाने माल पाठवणाऱ्यांना हे हवंच होतं, कारण न बसलेले कपडे परत यायचे आणि नुकसान व्हायचं. याच मापांच्या आधारावर पुढे १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांचं अधिकृत साइज स्टँडर्ड निघालं.

डेटा जमा करणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा असं काम. पण त्यात एक खिंडार होतं. अहवालासाठी फक्त गोऱ्या स्त्रियांची मापं धरली. बाकीच्यांची बाजूला ठेवली. ‘सरासरी अमेरिकन स्त्री’ म्हणून जी आकृती तयार झाली, तिच्यात लाखो अमेरिकन स्त्रिया मुळातच नव्हत्या. दुसरी गोष्ट त्या अभ्यासातूनच दिसली : शरीरांचे प्रकार इतके आहेत की एका छातीच्या मापावरून बाकीचं शरीर सांगता येत नाही. तरी व्यवहारात एक नंबर चिकटला तो चिकटलाच. १९७० मध्ये स्टँडर्ड सुधारलं, पण कंपन्या आपापल्या सोयीने नंबर फिरवतच राहिल्या, आणि १९८३ मध्ये सरकारने ते मागेच घेतलं. आज दोन ब्रँडचे ‘मीडियम’ एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं कारण हे. मधे बसून नियम लावणारं कुणी नाही.

मग पॅटर्न घेताना साइज निवडायची कशी? इतिहास वाचून मला जे कळलं ते सांगते, आणि खरं तर ते चांगल्या शिंप्याला आधीच माहीत असतं.

पहिली गोष्ट, रेडीमेडचा आपला नंबर विसरायचा. टेप घ्यायची आणि चार मापं लिहायची : छातीच्या वरून, म्हणजे काखेतून आडवी टेप घेऊन, मग भर छाती, मग कंबर, मग सीट. टेप कुणीतरी दुसऱ्याने धरली तर उत्तम, स्वतः घेताना टेप मागे वाकडी होते.

दुसरी गोष्ट, शिवल्यावर जे बदलणं सगळ्यात कठीण, त्यावरून साइज ठरवायची. बाजूची शिवण आत-बाहेर करणं दहा मिनिटांचं काम. खांदा, गळा आणि मुंढा दुरुस्त करणं म्हणजे अख्खा कपडा उसवणं. म्हणून वरच्या अंगाचा कपडा असेल तर खांद्याला बसेल ती साइज. भर छाती आणि वरची छाती यांत दोन इंचांपेक्षा जास्त फरक असेल, तर कोष्टकातल्या ‘छाती’च्या रकान्यात आपली वरची छाती बघायची. पुढे छातीला लागणारं जास्तीचं कापड टक्सच्या जागी वाढवून घ्यायचं. ही कोष्टकं बहुतेक दोन इंचांचाच फरक गृहीत धरून केलेली असतात. पँट किंवा सलवार असेल तर सीटवरून.

उदाहरण घेऊ. वरची छाती ३६, भर छाती ३९, कंबर ३३, सीट ४०. वर सांगितलेल्या जुन्या कोष्टकात बघितलं तर भर छातीवरून ती १८ नंबर घेईल, आणि खांदे दोन्हीकडून लोंबतील. वरच्या छातीवरून तिचा नंबर १४ येतो. सीट १६ नंबरची. कंबर १८ आणि २० च्या मधली. एकाच बाईत चार नंबर! आणि ही बाई जगावेगळी नाही, आपल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये अशा पाच जणी भेटतील. म्हणून खांद्याला १४ च्या रेघेवर कापायचं आणि कमरेकडे येताना रेघ हळूहळू बाहेर न्यायची. आजच्या पॅटर्नवर सगळ्या साइजच्या रेघा एकात एक छापलेल्या असतात, त्या याचसाठी वापरायच्या.

तिसरी गोष्ट, लूजिंग. कोष्टकातलं माप हे अंगाचं असतं, कपड्याचं नाही. तयार कपडा किती इंचांचा होणार हे बहुतेक पॅटर्नवर वेगळं दिलेलं असतं. दोन्हींतला फरक म्हणजे लूजिंग. श्वास घ्यायला, बसायला, हात वर करायला थोडं लागतंच. त्यापुढचं डिझायनरची हौस. ढगळ कुर्ता मुद्दाम ढगळ काढलेला असेल तर त्यात आणखी एक साइज वर जाऊ नका.

चौथी, आधी मांजरपाटावर कच्चं शिवून बघायचं. धावदोरा घालून, आरशासमोर हात वर करून, खाली बसून. आणि पाचवी, पॅटर्नमध्ये शिवणीला जेवढी जागा सोडलेली असते ती पाश्चात्त्य पद्धतीने अर्धा-पाऊण इंचाच्या घरात. बाजूच्या शिवणीला ती दीड इंच करा. म्हणजेच, माया ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, हौसेने कुर्ता शिवणाऱ्यांसाठी हे ठीक आहे, यात एवढं काय. तर अलीकडची आपल्याच राज्यातली गोष्ट सांगते.

महाराष्ट्रात सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत गणवेश मिळतो. आधी पद्धत अशी की पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे, एका गणवेशाला ३०० रुपये. समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडून, दुकानातून गणवेश घ्यायची. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य एक गणवेश’ योजना आली. कापड राज्य पातळीवर एकदम खरेदी करायचं, ते ठरावीक मापांत कापून तालुक्यापर्यंत पोचवायचं, आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, बचत गटांतल्या बायकांनी ते शिवायचं. ४० लाखांहून जास्त मुलं. कागदावर कल्पना वाईट नव्हती. कापड घाऊक भावात, काम गावातल्या बायकांना.

झालं काय, तर शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी १५ ऑगस्ट उलटला तरी गणवेश पोचले नव्हते. जे पोचले त्यांतल्या कित्येकांबद्दल तक्रारी : कुणाला बाह्या लांब, कुणाला पँट आखूड, कुणाला शर्ट छातीत बसेना. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षीपासून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

यात शिवणाऱ्या बायकांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या हातात कापड आलं ते आधीच कापलेलं. माप घेणारा एक, कापणारा दुसरा, शिवणारी तिसरी आणि घालणारं पोर चौथीकडे. एकाच इयत्तेतल्या पोरांना शेजारी-शेजारी उभं करा, उंचीत वीतभर फरक सहज दिसतो. आणि कोष्टकाप्रमाणे काटेकोर कापलेल्या तुकड्यात माया कुठून येणार? सैल असलेला कपडा दुमडता येतो, पण तंग आलेला सोडायला आत काही नसेल तर तो कपाटातच जातो. ज्या घरात वर्षाला दोनच नवे कपडे येतात आणि त्यातला एक गणवेश असतो, त्या घरात ही लहान गोष्ट नाही. वर्गात आखूड पँट घालून बसणाऱ्या पोराला सगळे हसतात, आणि पोराला वाटतं दोष आपल्याच अंगाचा आहे. साइजच्या नंबरची सगळ्यात वाईट खोड हीच. कपडा बसला नाही की माणूस कपड्याला नाही, स्वतःला नावं ठेवतो. ट्रायल रूममधून तोंड पाडून बाहेर येणाऱ्या मैत्रिणी मी किती पाहिल्यात!

आपल्याकडेही भारतीय मापांचं कोष्टक बनवायचं काम हाती घेतलं गेलं. निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर झाला. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांना थ्रीडी स्कॅनरमध्ये उभं करून मापं घ्यायची, अशी योजना. शहरं सहा : दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग. हे काम व्हायलाच हवं. परदेशी कोष्टकावर देशी अंग बसवत राहण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. फक्त ती यादी वाचताना मला १९४१ चा तो अहवाल आठवतो. कोष्टकात कोण आहे, यापेक्षा कोण नाही हे आधी विचारायला हवं. झरीच्या शिवारात कापूस वेचणारी बाई मुंबईच्या स्कॅनरपर्यंत पोचणं अवघड आहे, आणि तिच्या पाठीचं माप मुंबईतल्या पाठीवरून काढणं त्याहून अवघड.

मापं गोळा व्हावीत, सूत्रं सुधारावीत, कोष्टकं निघावीत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. शेवटी रोजीरोटी डेटावरच आहे. पण कोष्टक हे कापायला सुरुवात कुठून करायची एवढंच सांगतं. पुढचं काम टेपचं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं. परभणीला कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्रशास्त्र शिकवतात, गावोगावी शिवणक्लास आहेत, बचत गट आहेत, मशीनं आहेत. शाळेच्या ओसरीवर एक दिवस टेप घेऊन बसलं तर सगळ्या पोरांची मापं दुपारच्या सुट्टीपर्यंत वहीत येतील. मग कापड कुठूनही येऊ दे, कापायचं ते त्या वहीवरून, आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवून.